बाणाचा ण

सोमवारी शाळेत पोचले तेव्हाच माझ्यात शनिवारी उरतो तेवढा जीव उरला होता. कर्वेनगरहून कसब्यात यायला दोन बस, त्यात उजवा गुडघा, त्यात रविवारचा अख्खा दिवस मतदार यादीच्या कामात गेलेला. घरोघर जाऊन "आपल्याकडे मतदार किती?" विचारायचं आणि "तुम्हाला काय करायचंय?" हे ऐकून पुढच्या दाराकडे वळायचं. पुण्यात हे उत्तर दार उघडायच्या आधीच मिळतं.

मी वासंती जोगळेकर. महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवते. एकतीस वर्षं झाली, दोन उरलीत. शिकवते, असं आपलं म्हणायचं. खरं तर मी माहिती भरते, खिचडीचे फोटो वर पाठवते, आणि मधे वेळ सापडलाच तर मुलांना शिकवते.

आमचे मुख्याध्यापक श्रीनिवास सर दारातच उभे होते.

"बाई, शनिवारी वाचन तपासणी आहे. पर्यवेक्षक म्हणून नव्या मॅडम येतायत. त्या नव्या मुलीचंही तेव्हाच ठरवून टाकू. वाचलं तर तिसरी, नाही तर दुसरी."

नवी मुलगी म्हणजे मुक्ताई. दिवाळीनंतर वाशीमकडून आली होती. दाखला अजून यायचा होता म्हणून वयाकडे बघून तिसरीत बसवली होती. तिचे वडील नागोराव, आमच्या मागच्या गल्लीत नवी इमारत उठतेय तिथे वॉचमन. ते त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आले, निळा शर्ट, टोपी हातात.

"बाई, दुसरीत घालनार म्हनतात. खरं हाये का?"

"शनिवारी ठरेल."

"दुसरीत घातलं तं मी तिले गावी आजीपाशी नेऊन सोडतो. इथं पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं. पोरगी पुढं जात असन तं ठीक, मागंच जानार असन तं काहून ठेवू?" मग जरा थांबून म्हणाले, "हुशार हाये बाई ती. पाहा तुम्ही."

गावी गेली की या मुलीची शाळा संपली, हे मला एकतीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं. आजीपाशी गेलेल्या मुली परत आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

सुट्टी संपल्यावर मी तिला पुस्तक दिलं. वाच म्हटलं. आणि काय सांगू, पोरीनं घडाघडा वाचलं! जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, कुठे म्हणून अडखळली नाही. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. "शाब्बास, जा जागेवर" म्हटलं असतं तर हे पुढचं काहीच झालं नसतं. पण ती "पाणी"ला "पानी" म्हणाली. "आणि"ला "आनि" म्हणाली. आणि माझ्या कपाळावर आठी आली.

हा माझा जुना आजार आहे. मला सगळं चालतं, वही नसली चालते, आंघोळ नसली चालते. न आणि ण ची गल्लत चालत नाही. आमच्या घरात लहानपणी "पानी" म्हटलं की पाणी मिळायचं नाही. शिवाय मनात आलं, शनिवारी त्या नव्या मॅडमसमोर माझ्या वर्गातली मुलगी "पानी" वाचणार? जोगळेकरबाईंच्या वर्गातली? मुलीच्या शाळेचा प्रश्न होता आणि मी माझ्या नाकाचा विचार करत होते. हे आज लिहिताना कळतंय, तेव्हा कळलं नाही.

मंगळवारी मी तिला टेबलाजवळ उभी केली. पर्समधला छोटा आरसा तिच्या हातात दिला.

"हा नळाचा न. जीभ दाताशी. आणि हा बाणाचा ण. जीभ उचल, मागे टाळ्याला लाव, आणि सोड. बघ. ण."

"न," ती म्हणाली.

"अगं वळव. ण."

"न."

वर्ग खिदळायला लागला. "हसू नका रे," मी ओरडले, पण ओरडताना माझंही तोंड हसरंच होतं. मुलांना बाईच्या तोंडाकडे बघून बरोबर कळतं कशाला परवानगी आहे. पण पोरगी चिवट. घंटा व्हायच्या आत तिला ण आला. कडक, स्वच्छ ण आला. तिनं आरशात स्वतःकडे असं पाहिलं की मला माझा थकवा पाच मिनिटं आठवला नाही.

बुधवारी मला यादीच्या कामाला वॉर्ड ऑफिसात बोलावलं. दिवसभर एका पंख्याखाली बसून नावं जुळवली. वर्गावर शेजारच्या बाईंनी लक्ष ठेवलं म्हणे. लक्ष म्हणजे काय, मधलं दार उघडं ठेवलं असेल. मुक्ताई मात्र दिवसभर कोपऱ्यात बसून पुटपुटत सराव करत होती, हे मला नंतर मुलांनी सांगितलं. एक गोष्ट तिला सांगायची राहून गेली होती, आणि सांगायला मी नव्हते. नळाचा न जिथल्या तिथेच ठेवायचा असतो.

गुरुवारी सकाळी ती बाटली घेऊन माझ्यासमोर आली. चेहरा असा फुललेला. खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, णळाला पाणी णाही!"

मग वर्ग फुटला. दत्तप्रसाद म्हणून आमचं एक रत्न आहे, ते बाकावर चढलं, कपाळाला हात लावून सलाम ठोकला आणि ओरडलं, "णमस्कार! मी णागोराव वॉचमण!"

आणि मी हसले. खोटं कशाला बोलू, पदर तोंडाला लावून हसले. गुडघा दुखत होता, झोप झाली नव्हती, आठवडाभरात हसण्यासारखं एवढंच घडलं होतं. हसू आवरल्यावर आपण बाई आहोत हे आठवलं आणि त्याचाही राग तिच्यावरच निघाला.

"डोकं आहे की खोकं गं? नळाचा न आणि बाणाचा ण, एवढं कळत नाही? उचलली जीभ लावली टाळ्याला!"

आपल्याकडे असं म्हणतातच. पण तिनं तेच तर केलं होतं, जीभ उचलून टाळ्याला लावली होती, माझ्याच सांगण्यावरून. ती बाटली छातीशी धरून जागेवर जाऊन बसली. दत्तप्रसादला मी पट्टी दाखवली आणि पुढचा धडा काढला.

शुक्रवारी ती हजेरीला बोललीच नाही, नुसता हात वर केला. मला वाटलं, रुसली.

"मुक्ताई, बरं वाटत नाही का?"

"हो."

"पोटात दुखतंय?"

"हो."

"घरी जायचंय का?"

"हो," म्हणाली आणि जागची हलली नाही.

"अगं, मग जायचंय की नाही?"

"हो."

मी कपाळावर हात मारला. दुपारी खिचडी वाढणाऱ्या सुशीलाबाई कंबरेवर हात ठेवून आल्या. "बाई, ती नवीन पोरगी येडी आहे का? अजून वाढू का म्हटलं, हो. बास का म्हटलं, हो. पातेलंच ओतू का म्हटलं, तरी हो! ताटात एवढी खिचडी घेऊन बसलीय आणि डोळ्यात पाणी."

"उद्या तपासणी आहे, घाबरली असेल," मी म्हटलं. माझ्यासमोर खिचडीच्या फोटोंचं काम पडलं होतं, आणि खरं तर त्या आठवड्यात कोणाच्या डोळ्यातलं पाणी पुसायला माझ्याकडे हात शिल्लक नव्हता. तिला पुन्हा पुस्तक देऊन बघावं, असंही मला सुचलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. पर्यवेक्षक कादंबरी मॅडम वेळेवर आल्या. वय असेल तीस-बत्तीस, हातात फोन, खांद्याला दोन पिशव्या, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. त्याआधी त्या वाघोलीच्या घराचा हप्ता, सासूबाईंची तब्येत आणि एक शाळा उरकून आल्या होत्या, हे त्यांनी चहा पिता पिता एका दमात सांगितलं. श्रीनिवास सर शेजारी हात बांधून उभे. एकेक मूल उठलं, वाचलं, बसलं. मग मुक्ताई.

फळ्याजवळ उभं राहून तिनं पुस्तक धरलं आणि वाचायला लागली.

"आमच्या गावात एक विहीर आहे. विहिरीचे..." थांबली. "गोड आहे. आजी रोज पहाटे..." थांबली. "भरते..." थांबली. "तुळशीला घालते. मग ती मला हाक मारते." मग पुन्हा थांबली. "आम्ही दोघी." आणि पुस्तक मिटलं.

"मधले सहा शब्द गाळले," मॅडम फोनमध्ये बोट फिरवत म्हणाल्या. "अक्षरओळख कच्ची आहे. दुसरीच बरी, सर."

सरांनी मान हलवली. मीही हलवणार होते. घरी जाऊन पडायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण सोमवारी हेच पुस्तक घडाघडा वाचलं होतं या मुलीनं! मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि गाळलेल्या जागांवर बोट ठेवत गेले. पाणी. पाणी. आणि. नंतर. गाणे. म्हणतो.

कालचं सगळं "हो, हो" एकदम कानात वाजलं. "नाही" म्हणायला न लागतो. "नको" म्हणायलाही लागतो.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "तिनं गाळलेला प्रत्येक शब्द बघा. प्रत्येकात न आहे नाही तर ण आहे. बाकी एकही शब्द गाळलेला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला एवढं नेमकं गाळता येईल का? तिनं आधी मनात वाचलंय, मग गाळलंय."

"योगायोग असेल, बाई."

"मग हे बघा." मी खडू उचलला. न आणि ण टाळून वाक्य रचणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. ही मुलगी दोन दिवस तेच करत होती. खूप वेळ लावून मी फळ्यावर लिहिलं: डॉक्टरकाकूंच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पक्ष्यांची चित्रे आहेत.

"वाच बाळा."

तिनं फळ्याकडे पाहिलं, आधी सगळं वाक्य डोळ्यांनी तपासलं, आणि एका श्वासात वाचून टाकलं. वर्गातली अर्धी मुलं "मुखपृष्ठ"लाच गार झाली असती.

मॅडमनी फोन खाली ठेवला. "मग ती ते शब्द का गाळतेय?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं. वर्ग ऐकत होता, सर ऐकत होते, मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. "ती चांगलं वाचत होती. मी तिला न आणि ण वरून इतकं छळलं, वर हसले, की तिनं दोन्ही अक्षरंच सोडून दिली. चूक माझी आहे. माझ्या नावापुढे लिहा तसं."

"तसा रकाना नाही, बाई," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मुक्ताईच्या नावापुढे 'वाचते' यावर खूण केली आणि पुढच्या शाळेसाठी पिशव्या उचलल्या.

साडेअकराला शाळा सुटली. नागोराव फाटकाशी उभेच होते. तिसरीच राहिली म्हटल्यावर त्यांनी टोपी काढून हात जोडले. "लय उपकार झाले, बाई. आता नाई नेत गावी." मला त्या हातांकडे बघवेना. मग ते आवाज उतरवून म्हणाले, "पन दोन दिस झाले, घरी बोलतच नाई. भावानं पानी मागितलं तं मुक्यानं देते. काय झालं असन?"

मी मुक्ताईसमोर वाकले. गुडघा कळवळला. "मुक्ताई, गुरुवारी बाई हसल्या ते चुकलं. तू कसंही बोल. 'पानी' म्हण, काही बिघडत नाही. आता सांग बरं, हे कोण आलेत? नाव काय यांचं?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ओठ जरा हलले, पण जीभ कुठे न्यावी ते तिला ठरवता येईना. दाताशी की टाळ्याला. मागून दत्तप्रसाद दप्तर उडवत पळत गेला आणि तिनं ओठ मिटले.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

"वा वो बाप्पा!" नागोराव हसले. "बाईले पुरं नाव सांगत असतात, बेटा. सांग ना, नागोराव."

"बाबा," ती पुन्हा म्हणाली, आणि त्यांचं बोट धरून चालायला लागली.

ते हसतच गेले. त्यांना वाटलं, पोरगी लाडात आलीय. सोमवारी पहिल्या तासाला मला तिला पुन्हा "पानी" म्हणायला शिकवायचं आहे. ते कसं शिकवतात, हे एकतीस वर्षांत मला कोणी सांगितलेलं नाही.