हेफेलेबाईंचा आठवडा

आमच्या घरात ज्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी टांगलेली असेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, शनिवारी तो पुसायचा, दारापुढचा फुटपाथ झाडायचा आणि रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्याच्या दाराला लावायची. बिऱ्हाडं तीनच. तळमजल्यावर ट्राम चालवून निवृत्त झालेले युरिच, मधे मी, म्हणजे ब्यूलरबाई, आणि वर हेफेलेबाई. जर्मनीतल्या आमच्या या एसलिंगेनमध्ये माणूस चर्चला गेला नाही तर चालून जातं. पण चुकवलेला जिना लोक त्याच्या अंत्ययात्रेतही आठवतात.

हेफेलेबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. ईस्टरच्या सुमारास त्या स्वयंपाकघरात घसरल्या. फार लागलं नाही, पण त्यांचा मुलगा एकहार्ट हाइलब्रोनहून धावत आला आणि आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आईसाठी खोली बघून मोकळा झाला. बाई काही हलेनात. शेवटी त्याने तोड काढली. जोवर तू आपली जिन्याची पाळी स्वतः निभावतेस, तोवर इथे राहा. ज्या शनिवारी जिना घाण दिसेल, त्या दिवशी सामान बांधायचं. बाईंनी हात पुढे केला. आमच्याकडे एकदा हात मिळवला की वकील लागत नाही.

हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण त्यांचे गुडघे मला ठाऊक होते. जमिनीवर पडलेलं बटण उचलायला त्या मला हाक मारायच्या. त्या गेल्या तर वरचा रेडिओ बंद होईल, खिडकीतून टोपली सोडून माझं वर्तमानपत्र मागणारं कुणी उरणार नाही. इतकी वर्षं एका जिन्यावर राहून आम्ही अजून एकमेकींना अहो-जाहो करतो, पण मला त्या हव्या होत्या. तेव्हा मी ठरवलं, बाईंची पाळी येईल तेव्हा त्यांच्या नकळत जिना आपण पुसायचा.

पाळी आली. एकहार्ट शनिवारी दुपारी कॉफीला येणार होता. सकाळी बाई न्याहारीनंतर पडतात, ती वेळ साधून मी बादली घेऊन निघाले. माझा सगळ्यावर एकच इलाज, व्हिनेगर. नळावरचा क्षार, खिडकीची काच, किटलीचा तळ, फ्रिजमधला वास, कशालाही अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर आणि जुना बनियन. बाजारातल्या रंगीत बाटल्या मी घरात येऊ देत नाही. जिना तसा स्वच्छ दिसत होता, हे खरं. पण तो घाण असणार हे मी आधीच ठरवून बसले होते, त्यामुळे मला तो घाणच दिसला. वरपासून खालपर्यंत, कठड्यासकट पुसला आणि खुशीत बेकरीत गेले, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव आणायला.

परत आले तर काळसर लाकडावर पांढरे ओघळ. पायरीवर पाय ठेवला तर बूट चिकटतो, जोर लावला तर घसरतो. आणि मधल्या वळणावर युरिच गुडघ्यांवर बसलेले.

"युरिच, काय करताय?"

"काही नाही. चष्मा शोधतोय."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या."

त्यांनी नाक चाचपलं. "सापडला."

"आणि तो डबा कसला?"

"सोडा आहे, खायचा," ते ओशाळून म्हणाले. "आमच्या आईचं सगळं घर सोड्यावर चालायचं. म्हटलं, पोरगा यायच्या आधी म्हातारीचा जिना जरा घासून द्यावा. तर इथं आधीच कुणीतरी वाट लावून ठेवलीय."

"वाट लावली? मी पुसलाय तो."

"तुम्ही? कशानं?"

"व्हिनेगरनं. आणखी कशानं पुसतात?"

"तरीच माझा सोडा फसफसला. मला वाटलं, लाकूडच सडलंय."

भांडायला वेळ नव्हता, नाहीतर मी सोडलं नसतं. आम्ही दोघं फडकी घेऊन भिडलो. जितकं पुसावं तितकं ते ओशट पांढरं आणखी पसरे. एकीकडे ओघळ, दुसरीकडे सोड्याची भुकटी. युरिच पायरी घासायचे, ती मी परत माखून ठेवायची. मी चिडले की ते शिट्टी वाजवायचे, आणि ती शिट्टी ऐकून मी आणखी चिडायची.

तेवढ्यात खालचं दार उघडलं. एकहार्ट ठरल्या वेळेआधीच हजर, हातात फुलं, अंगावर चांगला कोट. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय सटकला. कठडा धरून तो सावरला आणि पांढऱ्या झालेल्या तळहाताकडे बघत राहिला.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

आम्ही पुसला म्हणून सांगावं, तर बाईंच्याने होत नाही हे कबूल केल्यासारखं. गप्प राहावं, तर हा घाण जिना बाईंच्या नावावर. काहीही केलं तरी खोली हाइलब्रोनचीच. युरिच पुन्हा चष्मा शोधू लागले.

"एकहार्ट, तू आलास का?" वरचं दार उघडून हेफेलेबाई बाहेर आल्या. कठड्याला धरून त्यांनी खाली जिन्याकडे पाहिलं, मग कठड्यावरूनच एक बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"ब्यूलरबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या साबणावर तुम्ही व्हिनेगर ओतलंत?"

"साबण? कसला साबण?"

"पहाटे, तुम्ही झोपेत असताना लावला होता तो. मऊ साबण, कोमट पाण्यातला. तो धुवून काढायचा नसतो, लाकडात मुरू द्यायचा असतो. त्यावर आंबट पडलं की दूध नासतं तसा तो नासतो. तुमच्या आईनं सांगितलं नव्हतं का?"

"आई, तू पुसलास?" एकहार्ट म्हणाला. "तुला तर वाकता येत नाही."

"वाकलंय कोण? बसून पुसला."

"म्हणजे?"

"दारामागे बघ."

तो जपून जपून वर चढला, त्याच्या मागोमाग आम्ही. दारामागे खुंटीला करडा स्कर्ट वाळत घातला होता. बसायच्या जागी गोधडीचा जाड तुकडा शिवलेला होता, आणि तो पार झिजला होता. हे काम आज सुरू झालेलं नव्हतं.

"एक पायरी पुसायची, खालच्या पायरीवर सरकायचं," बाई म्हणाल्या. "बादली शेजारी. खाली पोचलं की जिना वाळेपर्यंत बाहेर बाकावर बसायचं. मला घाई कसली? आणि शिकवलंस तूच. दीड वर्षाचा होतास, जिना उतरायला घाबरायचास. ढुंगणावर बसून एकेक पायरी उतरायचास आणि दर पायरीला वर बघून हसायचास. मला ते आठवलं, मीही तसंच केलं."

एकहार्टने स्कर्ट खुंटीवरून काढून हातात घेतला. मला फार वाईट वाटलं. आम्ही दोघांनी बाईंना मदत वगैरे काही केली नव्हती, आम्ही त्यांना मनातल्या मनात केव्हाच गाडीत बसवून दिलं होतं.

"पण आई, जिना घाण आहे आत्ता," एकहार्ट हळू आवाजात म्हणाला. ठरलेलं ते ठरलेलं, तोही आमच्याकडचाच.

"आहे ना. पण पाटी बघ कुणाच्या दाराला आहे. उद्या संध्याकाळपर्यंत आठवडा माझा." त्यांनी त्याच्या हातातला स्कर्ट घेतला. "युरिच, तुमचा सोडा द्या इकडे. वस्तू बरोबर आहे, पण ती अशी कोरडी फासायची नसते, कढत पाण्यात विरघळवायची. आणि ब्यूलरबाई, तुम्ही कॉफी करा. जिन्याला हात लावू नका."

मी कॉफी करायला गेले, पण दार उघडंच ठेवलं. एवढं ऐकल्यावर कोण लावून घेईल? बाई स्कर्ट बदलून आल्या आणि वरच्या पायरीवर बसल्या. एकहार्ट मागेच उभा होता. मग त्याने कोट काढून मुठीवर पाटीशेजारी अडकवला आणि त्या चांगल्या पँटनिशी आईच्या बाजूला बसला.

"तू पूस," तो म्हणाला, "मी कोरडं फडकं मारतो."

"कोपरे सोडू नकोस. लहानपणीही सोडायचास."

एकेक पायरी करत ती दोघं माझ्या दारावरून खाली गेली. कॉफी पार गार झाली, आणि मी ती निमूटपणे पुन्हा केली. जिना आधीपेक्षाही स्वच्छ निघाला, हे सांगायला मला आवडत नाही, पण निघाला.

संध्याकाळी जाताना एकहार्ट माझ्या दाराशी थांबला. त्याच्या पँटच्या मागे दोन मोठे ओले डाग होते.

"खोली नको म्हणून सोमवारी कळवतो," तो म्हणाला. "आईची पुढची पाळी कधी येते?"

"तीन आठवड्यांनी."

"मी येईन."

वरून कठड्यापलीकडून हेफेलेबाईंचा आवाज आला. "येताना जुनी पँट आण. बसायच्या जागी ठिगळ मी लावून देते."