दोन्हीकडे 'येतो'

निवृत्तीच्या भाषणात सासऱ्यांनी बायकोचा उल्लेख केला होता की नाही, यावरून त्या घरात एकोणीस वर्षं वाद चालला होता. भाषणाच्या वेळी सासूबाई मागे चहाचे कप भरत होत्या. "केला होता," असं सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले. "काहीतरी थापा," असं सासूबाई.

ते गेल्यावर माळ्यावर त्या भाषणाची कॅसेट सापडली, बुरशी लागलेली. दुकानदाराने ती पुसून दिली आणि बजावलं, "एकदा चालेल. दुसऱ्यांदा भरवसा नाही." त्या एकाच खेपेत ती डिस्कवर उतरवायची होती.

सून प्रयोगशाळेत काम करायची. भाच्याच्या पोहण्याच्या जुन्या कॅसेटवर तपासल्याशिवाय ती खऱ्या कॅसेटला हात लावणार नव्हती. व्हीसीआरमागची अक्षरं पुसट झालेली, म्हणून तिने सासूबाईंना भिंग देऊन सांगितलं होतं: सिग्नल आत येतो तिथे 'येतो' आणि बाहेर जातो तिथे 'जातो', अशा चिठ्ठ्या चिकटवा.

भोकांच्या एका जोडीवर 'येतो' दिसलं. म्हणजे उरलेली 'जातो'ची, असं शास्त्रशुद्ध अनुमान काढून तिने वायरी खोचल्या. पडदा निळाशार. काढल्या, पुसल्या, परत खोचल्या. पडदा ढिम्म. शेवटी टॉर्च घेऊन ती टेबलामागे शिरली.

"आई, दोन्हीकडे 'येतो'च लिहिलंय!"

"मग?"

"एकीकडे 'जातो' हवं होतं ना!"

"घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? आणि त्या भोकातून निघणार कोण, तर तुझे सासरे!"

सुनेने वायरी शेजारच्या जोडीत खोचल्या. पडद्यावर भाचा पोहू लागला.

मग खरी कॅसेट. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला. सासरे कोटात, माईकवर टिचक्या मारत. साहेबांचे आभार, शिपायांचे आभार.

"बघ, पंखा दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा!" सासूबाई फणकारल्या.

"राहिली आमची ही," सासरे म्हणाले. "हिने रोज ढकललं म्हणून मी वेळेवर आलो. उद्यापासून ही घरात ज्याला ढकलणार, त्याची मला काळजी वाटते."

हशा पिकला. कॅसेट घरघरली आणि आत पट्टी तुटली. डिस्कवर मात्र सगळं उतरलं होतं.

"केला ना उल्लेख?" सून म्हणाली.

"टोमण्याला उल्लेख म्हणत नाहीत. पण लाव बघू पुन्हा. हसण्यात नीट ऐकू आलं नाही."

जेवणाची वेळ झाली तरी त्यांना ते नीट ऐकू आलं नव्हतं.