हळदीच्या दिवशीचा आकडा

"घाला बोट," तुळशी म्हणाली. "ती पोर आता फोन करंल."

हरिचंद्र ओटीवर चिमटा हातात धरून बसला होता. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात त्याच्यापेक्षा थोडा मोठा, पांढरा, प्लास्टिकचा चिमटा. बोटाला लावला की आत लाल दिवा लागतो आणि रक्तात प्राणवायू किती, नाडी किती, ते वरच्या काचेवर उमटतं. मोबाइल चालू ठेवला असेल तर तेच आकडे आपोआप बदलापूरच्या आरोग्य केंद्रात जातात. केंद्र एका ट्रस्टचं. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांवर तिथून नजर ठेवतात. थंडीत तुळशीला न्यूमोनिया झाला होता. मोठ्या दवाखान्यात राहून ती जांभूळ गावात घरी परतली, तेव्हा तिच्याबरोबर हा चिमटाही घरात आला.

"आज तुझंच लाव," हरिचंद्र म्हणाला. "बघू तरी."

"काय बघायचं? हाय ती हाय मी."

एवढं बोलून तिनं श्वास घेतला. पूर्वी ती बोलताबोलता श्वास घ्यायची आणि तो कुणाला दिसायचाही नाही. आता आधी खांदे वर जात, मग गळ्याखालची खळगी आत ओढली जाई आणि मग कुठे थोडी हवा आत जाई. हरिचंद्रला आता दिवसभर ती खळगीच दिसत असे.

परवा सकाळी तिचा आकडा खाली आला होता. लगेच केंद्रातल्या राजसी सिस्टरचा फोन आला. उद्या असंच आलं तर गाडी पाठवते, दाखल करावं लागेल, असं ती म्हणाली. तुळशीनं फोन ठेवू दिला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरीची हळद हाय. हळद झाली का न्या मना कुठं न्यायचं तिथं. तवर तुमचा बोट घाला."

पोरगी म्हणजे जिज्ञासा, हरिचंद्रच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय दोघंही लवकर गेली. जिज्ञासाला आणि तिच्या भावाला, अल्पेशला, तुळशीनंच वाढवलं. शिवाय तुळशी गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभा राहण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं धवलारीण म्हणते, ती म्हणेल तसा विधी पुढे सरकतो. हळदीच्या गाण्यात ती गावदेवीपासून सुरुवात करून घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून नावानं बोलावते. हाक मारली की ती माणसं आपल्या जागेवरून उठतात आणि मांडवाकडे निघतात, असं मानतात. म्हणून ते गाणं मध्ये तोडत नाहीत. निघालेल्या माणसांना वाटेत उभं ठेवायचं नसतं. सगळ्यांत शेवटी हाक पडते ती नवरीच्या गेलेल्या आईला.

"सखू म्हणंल ना," हरिचंद्रनं परवाच म्हणून पाहिलं होतं.

"सखू मागनं वोळ धरते. पुढची वोळ कंची ती तिला येत नाय. पोरीच्या आयशीला कोण बोलावंल, तुमी?"

हरिचंद्रनं बोट घातलं होतं. काल घातलं, आज पुन्हा घालायचं होतं. पाण्याच्या केंद्रावर त्यानं पंप ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढली. दाबाच्या काट्याकडे स्वतः पाहिल्याशिवाय त्यानं साहेबाला कधी आकडा सांगितला नव्हता. चिमट्यात बोट सरकवताना ते त्याला आठवत होतं, आणि तुळशी समोर उभी होती.

सत्त्याण्णव. काचेवरचा आकडा कसा स्वच्छ आला. लगेच फोन वाजला.

"काका, काकू छान आहेत की," राजसी म्हणाली. तिच्या आवाजात खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. "काल वाटलं, एखादा दिवस चुकून चांगला आला असेल. पण आज पण मस्त. धाप लागते का त्यांना?"

हरिचंद्रनं तुळशीकडे पाहिलं. तुळशी त्याच्याकडेच पाहत होती.

"नाही, तशी नाही."

"बरं झालं. मी गाडी आज तुमच्याकडे पाठवणार होते. आता बेलवलीला एक आजोबा आहेत, त्यांच्याकडे पाठवते. काय करणार काका, गाडी एक आणि घरं ही एवढी. माझ्यासमोर नुसते लाल-हिरवे ठिपके असतात. लाल दिसला की तिकडे पळायचं. पाठवू ना बेलवलीला?"

आत्ता बोललं तर अजून वेळ आहे, असं हरिचंद्रला वाटलं.

"पाठवा," तो म्हणाला.

तुळशीनं चिमटा त्याच्या बोटातून काढला आणि फडताळात ठेवला. "बगा, झालं. उगाच घाबरतंव तुमी," म्हणाली, आणि खांबाला हात लावून उभी राहिली. पुढचं पाऊल टाकायला तिला बराच वेळ लागला.

दिवसभर हरिचंद्रला धड बसवलं नाही. मांडव अल्पेशच्या दारात, चार घरं सोडून. तो तिकडे जाई, खुर्च्या मोजल्यासारखं करी आणि परत घरी येऊन तुळशीला पाही. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली असे. तो दारात थांबे, तिचा पदर छातीवर वर-खाली होताना दिसला की पुन्हा निघे.

"सारके सारके काय येतंव?" तिनं डोळे न उघडता विचारलं. "मी पलून जातंय का?"

दुपार कलल्यावर तो फडताळाकडे गेला आणि चिमटा शर्टाच्या खिशात टाकला.

उन्हं उतरली तशी बायका जमल्या. अल्पेश आनंदनगरच्या एका कंपनीत सुपरवायझर होता, दोन दिवसांची रजा काढून धावपळ करत होता. डीजेचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आडवा उभा होता आणि डीजेवाला पोरगा वायरी खांद्यावर घेऊन अल्पेशच्या मागे मागे फिरत होता.

"काकी, जरा शॉर्टमध्ये घे ना," अल्पेश म्हणाला. "पब्लिक वेट करतेय. डीजेवाला पण डोकं खातोय."

"तुज्या बापाच्या हलदीला शॉर्ट केला होता का रे मी?" तुळशी पाटावर बसत म्हणाली. "तवा तुजा डीजे कुठं होता?"

बायका हसल्या. डीजेवालाही हसला आणि टेम्पोच्या फळीवर जाऊन बसला.

जिज्ञासा समोरच्या पाटावर होती. तिनं वाकून तुळशीच्या कानाशी विचारलं, "आई, जमेल ना गं?" ती तुळशीला आईच म्हणायची. तुळशीनं तिची हनुवटी धरून तिला सरळ बसवलं, तांदळाच्या पिठाचा चौक पुरा केला, हळदीची वाटी जवळ ओढली आणि सुरुवात केली.

पहिल्या ओळीला आवाज लागला. गावदेवीला हाक पडली, शेतावरच्या देवाला पडली. तुळशी ओळ म्हणायची, सखू आणि मागच्या बायका ती उचलायच्या, तेवढ्यात तुळशीला श्वास घेता यायचा. हरिचंद्र मांडवाच्या खांबाशी बसून ऐकत होता. तो गाणं ऐकतच नव्हता, दोन ओळींमधली जागा ऐकत होता. ती जागा वाढत चालली होती. बायकांची ओळ संपायची आणि तुळशी अजून श्वासच घेत असायची. बायकांना वाटे, काकी सावकाश म्हणतेय. सखूनं मात्र एकदा वळून हरिचंद्रकडे पाहिलं.

आज्याचं नाव झालं, आजीचं झालं. तुळशीचे ओठ आता जांभळं खाल्ल्यासारखे काळपट दिसत होते. हरिचंद्र उठला आणि तिच्यामागे जाऊन बसला. तिचा डावा हात हातात घेतला आणि बोटाला चिमटा लावला. काचेवर नुसत्या रेघा आल्या. बोटांना हळद होती, नखांतही हळद बसली होती. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं तिचं बोट पुसलं, पुन्हा पुसलं, नख घासलं. गाणं चालू होतं म्हणून तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसते डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं आणि हात सोडवायला बघितलं. त्यानं सोडला नाही.

ब्याऐंशी.

मोबाइल बंद ठेवला असता तर तो आकडा मांडवातच राहिला असता. हरिचंद्रनं मोबाइल चालू केला.

फोन लगेच आला. तो खांबापाशी गेला.

"काका, हे काय आलंय? हे बोट कोणाचं आहे?"

"हे तिचं. सकाळचं माझं होतं. कालचं पण."

पलीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी मशिनचा टुक टुक आवाज तेवढा येत होता.

"त्या आकड्यावर मी गाडी दुसरीकडे दिली, काका," राजसी म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "गाडी बेलवलीच्या आजोबांना घेऊन गेली, ती खाट मिळेपर्यंत मोठ्या दवाखान्याच्या दारातच उभी आहे. ते दाखल झाल्याशिवाय ती फिरत नाही. तुमच्याकडे कुणाची चारचाकी आहे?"

"पुतण्याची आहे."

"त्यांना त्यात बसवा आणि केंद्रावर आणा. मी सिलेंडर घेऊन दारात थांबते. बसवून आणा, आडवं करू नका. आणि त्यांना बोलू देऊ नका. एक शब्दपण नाही. ऐकताय ना? गाणं वगैरे चाललंय का तिथे?"

"चाललंय," हरिचंद्र म्हणाला.

त्यानं अल्पेशला हाताला धरून बाजूला घेतलं आणि सांगितलं. अल्पेशचा चेहरा उतरला. "काका, सकाळी बोलायचं ना यार," एवढंच तो म्हणाला आणि गल्लीकडे पळाला. त्याची गाडी टेम्पोच्या मागे अडकली होती. डीजेवाल्यानं काही विचारलं नाही. वायरी तशाच लोंबत ठेवून त्यानं टेम्पो मागे घेतला.

हरिचंद्र परत आला तेव्हा तुळशीनं पुढची ओळ सुरू केली होती आणि ती अर्ध्यावर थांबली होती. तोंड उघडं, खांदे वर, आवाज नाही. बायका ओळ पुरी होण्याची वाट पाहत होत्या. सखूनं उचलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जिज्ञासा उठू लागली. तुळशीनं हातानंच तिला खाली बसवलं आणि पुन्हा श्वास ओढला. तो पुरला नाही.

"चल," हरिचंद्र तिच्या कानाशी म्हणाला. "पुरे झालं."

तुळशीनं मान हलवली. नाही.

त्या अडलेल्या ओळीचं उरलेलं अर्धं मग हरिचंद्रच्या तोंडून आलं. आवाज जाड, बिनासुराचा. ते गाणं पुरुषानं म्हटलेलं मांडवात कुणी ऐकलं नव्हतं. मागे एक पोरगी फिसकन हसली, तिच्या आईनं तिला चापट मारली. पण ओळ बरोबर होती. बरोबर असणारच होती. लग्न झाल्यापासून तांदूळ निवडताना, भाकरी थापताना, नातवंडासारखी ही पोर मांडीवर जोजवताना तुळशी हेच गुणगुणत आली होती, आणि तो त्याच घरात होता. तोंडानं कधी म्हटलं नव्हतं इतकंच.

सखूनं त्याच्याकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, आणि ओळ उचलली. बायकांनी उचलली.

तुळशीचे खांदे खाली आले. अल्पेशनं तिला मागून धरून उठवलं. ती उठली आणि हरिचंद्रही तिच्याबरोबर उठायला लागला, तशी तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. तिच्यात तेवढाच जोर होता. आपला पाट तिनं पायानं त्याच्याकडे सरकवला.

हरिचंद्र पाटावर बसला. टॉवेलावर तिच्या बोटांची हळद होती. पुढच्या माणसाचं नाव त्याच्या तोंडातून निघालं तेव्हा गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. त्याच्या पुढच्याचं निघालं तेव्हा गाडी गल्लीतून बाहेर पडली होती. त्यानं मान वळवली नाही. वळवली असती तर ओळ गेली असती. समोर जिज्ञासा रडत होती, आणि नवरीनं रडू नये असं कुणी तिला सांगत नव्हतं. तुळशी लावत असे तशी त्यानं वाटीतली हळद बोटावर घेतली आणि तिच्या कपाळाला लावली. हळद भुवईवर ओघळली.

धाकट्या भावाचं नाव झालं. आता एकच उरलं होतं.

खिशातला फोन वाजायला लागला. बायकांची ओळ संपत आली होती. अल्पेशचा असेल, राजसीचा असेल. गाडी एवढ्यात पोचली असेल, किंवा वाटेतच कुठे थांबली असेल. जिज्ञासानं फोनसाठी हात पुढे केला, पण हात हळदीनं भरलेला होता आणि तिनं तो तसाच मांडीवर परत ठेवला. फोन वाजला, आणखी वाजला आणि थांबला.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला नावानं हाक मारायची नसते. ती घरात वावरत होती तेव्हा हरिचंद्रनं कधी मारली नव्हती. पोरांच्या हाती निरोप द्यायचा, नाहीतर भिंतीकडे बघून बोलायचं. ती गेली त्या दिवशीही तिचं नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

बायका थांबल्या. सगळा मांडव त्याच्याकडे पाहत होता.

हरिचंद्रनं डोक्यावरची टोपी सारखी केली, श्वास भरून घेतला आणि मोठ्यानं इंदुबाईला हाक मारली.