दोन मजली कोंबडा

आमच्या इस्त्रीच्या दुकानासमोर एका गोदामाची भिंत आहे. दोन मजली, खिडकी नाही की झरोका नाही, पाणी झिरपून काळी पडलेली. बावीस वर्षं टेबलामागे उभी राहून मी तिच्याकडेच बघत आलेय. नवऱ्याचं तोंडसुद्धा एवढं बघितलं नसेल. त्यामुळे वस्तीतल्या नऊ भिंतींवर चित्रं येणार आणि नववी ही, असं कळलं तेव्हा मी आनंदाने इस्त्री आपटलीच.

आठ भिंती झाल्या. टाकीवर मासे पोहायला लागले, वर्कशॉपच्या शटरवर झाड उगवलं. लोक कामाला जाताना वाट वाकडी करून जाऊ लागले.

आमच्या भिंतीवर कोंबडा येणार होता. चित्रकार पोरगीने मला कागद दाखवला, शेपटीतच पंधरा रंग! पण चाकांची उंच परांची तिला शनिवारी पाचपर्यंतच मिळाली होती. नंतर परांची दुसऱ्या गावाला आणि पोरगीही तिच्यामागे. शनिवारी झाला तर झाला, नाहीतर आमची भिंत तशीच राहणार.

बुधवारी तिने भिंत पांढरी केली. गुरुवारी दिवसभर त्यावर काळ्या रंगाने काहीबाही खरडलं. फुल्या, आकडे, एक चप्पल, एक दात. मला वाटलं, हात साफ करत असेल. तिने फोटो काढला आणि गेली.

आमचे हे त्या दिवशी बहिणीकडे होते, रात्री उशिरा आले. यांनी तीस वर्षं लोकांच्या घरांना रंग दिला. पांढरा, फार तर मोतिया. शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडलं तर हे परांचीवर, घामाघूम, आणि भिंत दुधासारखी स्वच्छ.

"पोरांनी बघ काय घाण करून ठेवली होती!" हे खूश होऊन म्हणाले. "ती बिचारी येऊन रडली असती. पहाटेच उठलो आणि दोन हात मारले."

पोरगी आली आणि खरंच रडली.

"काका, तो माझा नकाशा होता," ती म्हणाली. फोनमध्ये त्या खुणांवर ती कोंबडा ठेवून बघायची. चपलेपाशी चोच, दातापाशी डोळा. त्याशिवाय एवढ्या भिंतीला नाक लावून उभं राहिल्यावर कुठे काय येतंय ते कळणार कसं? आणि पुन्हा खुणा करायच्या तर आणखी एक दिवस.

शेजारचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. काकांनी तेही करून दाखवलं!"

यांचा चेहरा पडला. मला एवढा राग आला होता की रडूही येत होतं. "केलंत ते केलंत," मी म्हटलं, "आता निस्तरा!"

यांनी भिंत वरपासून खालपर्यंत नजरेने मोजली. मग म्हणाले, "दोरी आण. आणि कपड्यांची नीळ, कोरडी."

यांनी दोरीला नीळ चोळली. दोन टोकांना दोन माणसं उभी केली, दोरी ताणली, मधे धरून ओढली आणि सोडली. टण्ण! भिंतीवर सरळ निळी रेघ. सारी गल्ली धावत आली. आजीबाईंनासुद्धा दोरी धरायची होती. तासाभरात सगळ्या भिंतीवर चौकटी पडल्या. तेवढ्याच चौकटी न्हाव्याने पट्टी घेऊन कागदावर आखल्या.

"कागदावर या चौकटीत जे आहे, ते भिंतीवर त्या चौकटीत," हे म्हणाले. पोरगीने डोळे पुसले आणि उडीच मारली.

संध्याकाळपर्यंत कोंबड्याचा आकार उभा राहिला. शनिवारी ती रेघा मारत पुढे, हे रंग भरत मागे. मला काम सुचेना. एका चादरीची घडी मी उलटीच घातली.

पाचला परांचीवाला हजर. डोळा आणि तुरा राहिला होता.

"अर्धा तास द्या!" पोरगी वरून ओरडली.

"पाच म्हणजे पाच," तो म्हणाला. मान वर करून जरा वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळला आणि अंगातला शर्ट काढायला लागला. "वहिनी, एवढी इस्त्री मारा. चुरगळलेल्या शर्टात मी परांची सोडवत नाही."

"किती वेळात देऊ?"

"ते तुम्ही वर बघून ठरवा."

त्या शर्टाची कॉलर मी चार वेळा केली, बाह्या सहा वेळा. वर पोरगीने डोळ्यात शेवटचा पिवळा ठिपका ठेवला, यांनी तुऱ्याचा लाल रंग पुरा केला, आणि खाली गल्लीने एकच गिल्ला केला.

हे कठड्यावरून वाकले. "खालून कसं दिसतंय गं?"

तीस वर्षांत यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. यांनी रंगवलेली एकही भिंत मी पाहिलेली नव्हती, सगळ्या लोकांच्या दारांआड. इस्त्री उभी करून मी दारात आले.

"वहिनी, सांगा की त्यांना," परांचीवाला बनियनवर उभा राहून म्हणाला.

"छान!" मी ओरडले. "अहो, फार छान! पण उतरू नका एवढ्यात. शर्ट अजून व्हायचाय!"