धाकटीची धार आधी

मी एक जुनी म्हैस आहे. पलूसच्या बनुबाईच्या गोठ्यात माझी पाच-सहा वेतं, म्हणजे बाळंतपणं झाली. स्वभावाने मी हेकट, हे आधीच सांगून टाकते. दावणीला शेजारी माझीच लेक असते, पहिलारू, नुकतीच पहिल्यांदा व्यायलेली. बनुबाई मला थोरली म्हणते अन् तिला धाकटी. थोरलीची धार आधी काढायची, हा आमच्या गोठ्याचा रिवाज. त्या मानाची ऐट मी वर्षानुवर्षं मिरवली.

एकदा धार झाल्या झाल्या मी शेणातच बसकण मारली. मित्रांनो, धार काढल्यावर सडाचं तोंड थोडा वेळ उघडंच असतं. तिथून डोळ्यांना न दिसणारे जंतू आत शिरले. कासेतलं दूध म्हणजे त्यांना आयतं जेवण! एकाचे हजार व्हायला कितीसा वेळ? त्यांच्याशी लढायला अंगातलं रक्त तिकडे धावलं. लढाई त्यांची, भोगणं माझं. कास सुजली, तापली, दगडासारखी घट्ट झाली. म्हणून तर या दुखण्याला दगडी म्हणतात. दुधात गुठळ्या येऊ लागल्या.

जनावरांचे डॉक्टर जयराज आले. औषध देऊन ते बनुबाईला म्हणाले, "मावशी, हिचे जंतू तुमच्या हातावरनं धाकटीकडं जातील. आधी धाकटीची धार काढा, मग हिची. हात साबणानं धुवा, अन् हिचं दूध गोठ्यात सांडू नका."

"आवं डाक्टर, थोरली हाय ती. आजारी पडली म्हनून तिचा मान मोडू व्हय? हात धुईन, पर त्येवढं न्हाई जमायचं."

तिची माझ्यावर लय माया. पण हात धुतले तरी थोडे जंतू उरतातच. त्याच मायेनं माझ्या लेकीची कास पेटणार होती. पहिल्याच वेताला कास बिघडली, की जन्माचं नुकसान. मी ठरवलं, मान गेला खड्ड्यात.

संध्याकाळी बनुबाई चरवी घेऊन माझ्याजवळ बसली. मी पान्हा चोरला. तिनं पाठ थोपटली, पेंड पुढे केली. पेंडीच्या वासानं जीव कासावीस झाला, तरी मी तोंड फिरवलं. तिचा हात कासेपर्यंत पोचायच्या आत मी लाथ झाडली. चरवी कलंडली.

"लय माजली बया. ऱ्हा तशीच," म्हणत बनुबाई धाकटीकडे वळली. धाकटीनं बिचारीनं लगेच पान्हा सोडला. तिची चरवी भरली, तेव्हाच मी माझं नासकं दूध काढू दिलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी बनुबाई आपणहून धाकटीखाली बसली अन् मला म्हणाली, "तुजंच खरं गं. लेकीचं आधी."

जंतू शिरले तो माझा सड कामातून गेला. धाकटीचे चारही शाबूत आहेत.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण धुतलेल्या हातांनी. आजारी जनावराची धार शेवटी काढा. त्यात त्याचा अपमान नाही. लेक ठणठणीत असली, की शेवटी उभं राहायला आईला काहीच वाटत नाही.