द्राक्षाला टाके

द्राक्षच होतं ते. हिरवं, फुगीर, एका बाजूनं साल सोललेलं आणि तीच साल बारीक काळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेली – चकचकीत कागदावर तळहाताएवढं मोठं करून छापलेलं. भागीरथानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून टाके मोजले. सात. गाठी बऱ्या होत्या, नाही कशाला म्हणू... पण द्राक्ष शिवायचं कशाला? खायचं असेल त्यानं खावं, नसेल त्यानं ठेवून द्यावं; सोलून परत शिवणं म्हणजे रिकामपणी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडण्याची गत.

दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर ती गॉजच्या घड्या घालत बसली होती. हिंगणघाटच्या या दवाखान्यात ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, फरशी पुसायला आलेली. नर्सिंगची शाळा तिनं बाहेरूनसुद्धा पाहिली नाही. अण्णाजी डॉक्टरांच्या शिव्या हीच शाळा, आणि तेहतीस वर्षांत ती अशी पास झाली की डिग्रीवाली नर्स मयुरी आज चिमटे उकळायला टाकतानाही तिच्या तोंडाकडे पाहते.

आणि तिला हा यंत्रानं ऑपरेशन करण्याचा कागद! नोएडाहून भाच्यानं, धनंजयनं, कुरिअरनं पाठवलेला, कडेकडेनं पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहून. यंत्राला चार हात. हातांवर प्लास्टिक, लग्नघरात नव्या सोफ्यावर राहू देतात तसं. पेशंट एकीकडे, आणि डॉक्टर दहा फुटांवर खोक्यात डोकं घालून बसलेला... जत्रेत बायस्कोपच्या डब्याला डोळे लावून बसावं तसा. तो बोटं हलवणार की आत पोटात यंत्राची बोटं हलणार. म्हणजे माणसाच्या पोटात हात घालायचीही किळस यायला लागली का यांना? सन दोन हजार नऊ उजाडलं, तरी माणसाचं पोट काही बदललं नाही. नखरे तेवढे वाढले.

फोन वाजला. धनंजयच.

"मावशी, मिळालं का पाकीट?"

"मिळालं. द्राक्ष पाह्यलं. गोड निघालं का?"

"मजाक नको करू नं! चार भोकं पाडतात, गर्भपिशवी काढतात, तीन दिवसांत घरी. मी रजा टाकून ठेवली. रिझर्वेशन करू का?"

"अन् मधातच मशीन बंद पडलं तं? इथं पंख्याले लाईन राहत नाई."

"इथं नाई जात लाईन, मावशी."

"हो बापा. तुमच्या तिकडं मरणही येत नसन."

पोरगं आईवेगळं, हिच्याच हातचं खाऊन मोठं झालेलं. "शुक्रवारपर्यंत सांगजो," म्हणाला.

शुक्रवारपर्यंत. आणि बुधवार त्याच्या आधी येतो. पिशवीतली गाठ संत्र्याएवढी झाली होती, तीही खाली, लघवीच्या नळीला खेटून. तिथं टाका दोन दोरे इकडे पडला की बाई जन्मभर ओली. हे तिला कागदावरून शिकायचं नव्हतं. सोनोग्राफीची फिल्म अण्णाजींनी उजेडात धरली होती आणि लगेच म्हणाले होते, "बुधवारी घेऊन टाकू तुझं." आज सकाळी कागदही त्यांनी पाहिला, नाक मुरडून परत दिला. "खेळणं हाये हे. तुले मी या खेळण्याच्या हवाली करू का, भागीरथा?" किती बरं वाटलं होतं तेव्हा... माहेरच्या माणसानं उंबऱ्यात अडवून धरावं तसं.

सगळा कागद तिनं हसत हसत वाचला. एका ओळीखाली मात्र धनंजयनं पेन्सिल टेकवली नव्हती, सोपी वाटून सोडली असेल. ती तिनं स्वतःच लावली, केसपेपरांवरून शिकलेल्या इंग्रजीनं. *ट्रेमर*. हा शब्द तिला येत होता. डॉक्टरच्या हाताचा कंप यंत्र मधल्यामधे गाळून टाकतं – चहाचा चोथा गाळावा तसा – आणि आत पोचतो तो नुसता स्थिर हात.

तिनं कागद घडी करून गॉजच्या डब्याखाली सारला.

दहाला वडनेरच्या चंद्रभानचा हर्निया होता. भूल देणारे डॉक्टर वर्ध्याहून आले, कमरेत सुई देऊन, डोक्याशी स्टुलावर बसून पेपर वाचायला लागले. त्यांचं अर्धं आयुष्य कोड्यातले आडवे-उभे शब्द भरण्यात गेलं. अण्णाजींचा हात मागं आला. न पाहता, तळवा उघडा, नेहमीसारखा. तीस वर्षं भागीरथानं त्या तळव्यात हत्यार फट्कन आपटलं होतं; तो आवाज म्हणजे त्या खोलीचं घड्याळ. पण दोन दिवाळ्यांपासून ती आपटत नाही. ठेवते... आणि सोडत नाही. तिच्या बोटांखाली ते मनगट पिंजऱ्यातल्या पाखरासारखं फडफडतं. एक श्वास, दोन श्वास, मग शांत होतं. मग ती सोडते, आणि पुढचा टाका सरळ पडतो. कुणाला कळत नाही. भूलवाल्याला नाही, मयुरीला नाही, खुद्द अण्णाजींनाही नाही, असं ती धरून चालली होती. यंत्रं बनवणाऱ्यांनो, तुमच्याआधी मी गाळते आहे हो... बिनलाईनची, बिनप्लास्टिकची.

आणि सुई देता देता तिला ते दिसलं. बुधवारी मी तिथं असेन. आडवी, कमरेखाली बधिर, वर पडदा, कान उघडे. हात मागं येईल. तळवा उघडा.

चंद्रभानचं आटोपलं. बेसिनवर अण्णाजी हात धूत होते, ती टॉवेल घेऊन शेजारी उभी.

"त्या मयुरीले शिकवून ठेवजो बुधवारच्या आधी," ते म्हणाले.

"काय शिकवू? तिले सारं येते."

नळ वाहत राहिला. साबण केव्हाच निघून गेला होता.

"तू थांबतेस नं दोन श्वास," ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "ते."

टॉवेल घेऊन ते गेले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं ती पदराआड दिवा न्यावा तसं जे नेत होती, ते अण्णाजी आरामात उजेड म्हणून वापरत होते. आणि तरी म्हणाले, बुधवारी घेऊन टाकू. तरी म्हणाले, खेळणं हाये! तिला त्यांच्यावर थुंकावंसं वाटलं, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि थुंकी तोंडात येते न येते तोच चंद्रभान आठवला, आत निजलेला, बायकोला "अण्णाजींचा हात हाये, घाबरू नको" सांगून आलेला. त्याच्या आधी टेबलावर निजलेली बोरगावची दोन लेकरांची आई. त्यांना कुणी विचारलं होतं, तुम्हाला दोन श्वासांवरचा हात चालेल का म्हणून? तिनं विचारलं होतं? त्यांच्यासाठी चालत होता तो हात. संत्र्याएवढी गाठ तिची स्वतःची निघाली तेव्हा कुठं त्या चकचकीत कागदावरची एक ओळ तिला वाचता आली...

"काकू, काय शिकवता म्हणे?" मयुरी दारात उभी होती, केस टोपीत कोंबत. "अण्णाजी म्हणून राह्यले होते."

"ये. तो चिमटा घे." भागीरथा तिच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिनं हात मागं केला. "मी अण्णाजी. न पाहता मागून राह्यली. ठेव हातात."

फट्.

"असं नाई वं. ठेवायचं अन् धरून राह्यचं. हात हालन, तं घाबरायचं नाई."

"काऊन हालन?"

मयुरीला कळावं म्हणून भागीरथानं हात मुद्दाम हलवून दाखवला, त्यांचा हलतो तसा, थोडा, मनगटातून. मयुरीची बोटं चिमट्यावर आली, नवखी, गार. एक श्वास. दोन.

"आता सोडू का काकू?"

"थांब."

हलवणं तिनं केव्हाच बंद केलं होतं. तिसरा श्वास गेला, चौथा गेला. गॉजच्या डब्याखालून कागदाचं हिरवं टोक बाहेर आलं होतं, आणि मागं धरलेला तो हात, तिचा स्वतःचा, अजून हलतच होता.