सतरावा दोष

आमच्या टूलची नवी आवृत्ती निघाली की दुरुस्त केलेल्या दोषांची यादी मी लिहितो. ऑपरेटिंग सिस्टीमवर पाळत ठेवणं हे या टूलचं काम. कुठल्या प्रोग्रामने कधी कुठली फाइल उघडली, कुठली पुसली, सगळं ते टिपतं. यादी कोणीही वाचत नाही. तरी मी ती मन लावून लिहितो, कारण दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी हयात गेली आणि आपल्या मोजायची वेळ वर्षातून दोनदाच येते.

या वेळी सतरा दोष होते. सोळा किरकोळ. सतरावा मात्र मी दोनदा वाचला. चालू प्रोग्रामला सिस्टीम एक नंबर देते. तो प्रोग्राम संपला की तोच नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. अशा वेळी आमचं टूल कधीकधी काम नव्याचं आणि नाव जुन्याचं दाखवायचं. भाडेकरू बदलला तरी दारावर पाटी जुनीच, त्यातला प्रकार.

दोन वर्षांपूर्वी माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, याच ऑफिसात होता. एका सकाळी एका गिऱ्हाइकाचे सगळे नकाशे पुसले गेले. टूलने नाव दाखवलं ते मेहुण्याच्या साफसफाईच्या प्रोग्रामचं. आपला प्रोग्राम त्याआधीच संपला होता, असं तो परोपरीने सांगत होता. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, टूलमध्ये दिसतंय ते दिसतंय. आठवड्याभरात त्याने राजीनामा दिला, आणि आमच्या घरी येणंही बंद केलं. बायको माहेरी एकटी जाते. परत आली की त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. दोष पहिल्यांदा ज्याने कळवला, त्याचं नाव यादीत द्यायचं. म्हणून मी जुन्या तक्रारी चाळल्या. सतराव्या दोषाची पहिली तक्रार मेहुण्याचीच निघाली, नकाशे गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. चार ओळींत त्याने सगळं अचूक लिहिलं होतं. खाली शेरा होता: 'करून पाहिलं, तसं घडत नाही. तक्रार बंद.'

शेरा माझा होता. मी काहीही करून पाहिलं नव्हतं. मेहुण्याची तळी उचलली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याची तक्रार मी वाचताक्षणी मिटवली होती. परक्याची असती तर निदान एक दिवस तपासली असती. माझी मलाच लाज वाटली.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, नावाच्या जागी 'ऑफिसातली तपासणी' असं घाला. मी म्हणालो, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली साहेब, आता त्याचं नावही खोडू?" साहेबांनी चष्मा पुसला. यादीवर सही तुमची असते, तुमचं तुम्ही बघा, एवढं बोलून ते कामाला लागले.

दुपारी यादी छापून मेहुण्याकडे गेलो. तो आता वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. वाटेत बरंच काही घोकलं होतं; त्याला बघितल्यावर 'चूक माझी होती' एवढंच तोंडातून निघालं. त्याने हात पुसून कागद घेतला आणि पहिल्या दोषापासून सावकाश वाचला. स्वतःच्या नावापाशी थांबला.

"तक्रार बंद कोणी केली, ते नाही लिहिलंत, भाऊजी?"

आमच्या यादीत तसा रकाना नाही, असं मी म्हणालो. म्हणताना मलाच ते पोकळ वाटलं. त्याने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी सतराव्या ओळीखाली लिहिलं: 'न तपासता बंद केली.' पुढे माझं नाव घातलं आणि सही केली. ऑफिसात गेल्यावर बाहेर जाणाऱ्या यादीतही हेच घालतो, म्हणालो.

त्याने मान हलवली. कागदाची घडी घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"हा माझ्याकडे राहू द्या," तो म्हणाला. "आईला दाखवायचाय. दोन वर्षं झाली, ती एकच म्हणते, जावई कशाला खोटं बोलतील?"